प्रॉपची नक्कल: एका सवयीचा इतिहास

रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट, यांपैकी कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला जरा मोठा कोड उघडला की एक ओळ हमखास भेटते. वरच्या कंपोनंटकडून प्रॉप म्हणून आलेला डेटा खालचा कंपोनंट आल्याआल्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घेतो आणि पुढचे सगळे काम त्या नकलेवर करतो. कोड तपासताना ही ओळ दिसली की ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतात, नवशिक्यांची खोड म्हणून ती काढायला लावतात, आणि काही दिवसांनी ती दुसऱ्या फाइलमध्ये पुन्हा उगवते. माझ्या मते ही खोड नवशिक्यांनी आणलेलीच नाही. फ्रेमवर्कांनी एक नियम घातला, तो अर्धाच अमलात आणला, आणि तो मोडू नये म्हणून काय करावे हे सांगताना त्यांच्याच अधिकृत मार्गदर्शिकांनी नकलेची वाट दाखवली. गेल्या पंधरा वर्षांचा हा प्रवास नीट पाहिला तर नक्कल करावी की करू नये, हा नेहमीचा वाद फारसा कामाचा वाटत नाही. त्या डेटाचा मालक कोण आणि नक्कल मुळापासून कधी वेगळी झाली, हे कुठे सांगितले आहे का, एवढेच विचारण्यासारखे उरते.

या गोष्टीचे मूळ फ्रेमवर्कांच्याही आधीचे, भाषेत आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. या भाषेत आकडा किंवा अक्षरमाला दिली तर घेणाऱ्याला ती स्वतंत्र वापरता येते. पण ऑब्जेक्ट किंवा ॲरे दिला तर हाती येतो तो त्याच वस्तूकडे नेणारा पत्ता. देणारा आणि घेणारा एकाच वस्तूला हात लावत असतात. जावास्क्रिप्टला हे नवे सुचलेले नव्हते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी सत्तरच्या दशकात सीएलयू या भाषेत हीच पद्धत वापरली आणि तिला ‘वाटून घेण्या’चे नाव दिले. पद्धत सोयीची होती, कारण मोठी वस्तू दर वेळी नव्याने बनवावी लागत नव्हती. तोटाही लगोलग होता. कुणी कधी काय बदलले याची खबर दुसऱ्याला मिळायची नाही. ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क येथे मॉडेल आणि त्याचे दृश्य वेगळे काढले, तेव्हा एकाच माहितीची अनेक दृश्ये एकमेकांशी जुळती कशी राहतील, हाच पेच त्यांच्यापुढे होता. वेबवर तो पेच पोचायला वेळ लागला, कारण सुरुवातीच्या वेबवर प्रत्येक क्लिकनंतर सगळे पानच सर्व्हरकडून नव्याने यायचे. पान नवे आले की जुनी दृश्ये आपोआप मरत. त्यांना जुळते ठेवण्याची गरजच पडत नसे.

२०१० च्या आसपास ही सोय संपली. त्या वर्षी स्टीव्ह सँडरसन यांचे नॉकआउट आले, जेरेमी अॅश्केनस यांचे बॅकबोन आले, आणि गूगलमधल्या मिश्को हेव्हरी यांच्या अँग्युलरजेएसने दोन्ही बाजूंनी बांधणी हा शब्दप्रयोग घरोघरी पोचवला. डेटा बदलला की पडदा बदलतो, पडद्यावर टाइप केले की डेटा बदलतो. अँग्युलरजेएसमध्ये कंपोनंटसदृश डायरेक्टिव्हला डेटा देताना बरोबरचे चिन्ह वापरले की वरचा आणि खालचा दोघेही त्या डेटाचे सारखेच कर्तेकरविते. काही बदलले का हे पाहायला फ्रेमवर्क सगळ्या नजर ठेवलेल्या किमती पुन्हापुन्हा तपासायचे, आणि दहा फेऱ्यांतही गोष्ट स्थिर झाली नाही तर हात वर करून चूक दाखवायचे. या काळात नक्कल नव्हती, असा एक समज आहे. तो खरा नाही. अँग्युलरजेएसच्या मार्गदर्शिकेतल्या फॉर्मवरच्या अगदी पहिल्या उदाहरणात दोन वस्तू होत्या. एक मास्टर नावाची, दुसरी युजर नावाची. जतन करताना युजरची खोल नक्कल मास्टरमध्ये जायची, आणि पूर्ववत करताना मास्टरची खोल नक्कल युजरमध्ये यायची. म्हणजे दोन्ही बाजूंनी बांधण्याच्या ऐन भरात, त्या बांधणीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता फॉर्मसाठी मात्र नक्कलच शिकवत होता. फॉर्मवर रद्द करण्याची सोय द्यायची, तर मूळ कुठेतरी अबाधित ठेवावेच लागते. त्याला दुसरा इलाज नाही. एवढे एक उदाहरणसुद्धा नक्कल म्हणजे निव्वळ आळस या म्हणण्याला पुरेसे उत्तर आहे.

मग रिॲक्ट आले. जॉर्डन वॉक यांनी फेसबुकमध्ये लिहिलेली ही लायब्ररी मे २०१३ मध्ये जेएसकॉन्फमध्ये सर्वांसाठी खुली झाली. पुढच्या वर्षी एफएट परिषदेत जिंग चेन आणि सहकाऱ्यांनी फ्लक्स मांडताना फेसबुकच्या चॅटमधली एक चिवट चूक सांगितली. वर न वाचलेल्या संदेशाचा आकडा दिसायचा, उघडून पाहावे तर आत नवे काही नाही. दुरुस्त करावे, काही काळाने चूक परत हजर. एकच संदेश पानावर तीन ठिकाणी दिसत होता आणि कोणता बदल कुठून कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नव्हते. यावरचा उपाय म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह. डेटा वरून खाली येईल, खालच्याने तो बदलायचा नाही, बदल हवा असेल तर वर कळवायचे. नियम चांगला होता; आजही तो टिकून आहे, आणि टिकावा. प्रश्न त्याच्या अंमलाचा आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या रिॲक्ट ०.१४ ने प्रॉप्सचा ऑब्जेक्ट गोठवून टाकला. पण हे गोठणे एकाच थराचे. प्रॉप्समधला ‘युजर’ काढून तिथे दुसरा युजर ठेवता येणार नाही. त्याच युजरच्या आत शिरून त्याचे नाव बदलले तर कुणी अडवणार नाही. कुंपण अंगणाभोवती घातले आणि घराचे दार सताड उघडे राहिले.

व्ह्यूच्या इतिहासात हाच प्रकार अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. इव्हान यू यांनी २०१४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या या फ्रेमवर्कच्या १.० आवृत्तीत प्रॉपची बांधणी एरवी वरून खाली होती, पण सिंक नावाची जोड लावली की ती दोन्ही बाजूंनी व्हायची, आणि वन्स लावले की किंमत एकदाच यायची. तीन वेगवेगळे करार, आणि ते टेम्प्लेटमध्येच लिहिलेले. सप्टेंबर २०१६ च्या २.० आवृत्तीने हे दोन्ही काढून टाकले. त्याच वेळी एक इशारा आला, जो जगभरच्या व्ह्यू लिहिणाऱ्यांनी कन्सोलमध्ये इतक्यांदा वाचला आहे की तो त्यांना तोंडपाठ असावा. प्रॉप थेट बदलू नका, वरचा कंपोनंट पुन्हा रेंडर झाला की तुमचा बदल पुसला जाईल. त्याऐवजी त्या प्रॉपवर आधारलेली डेटा किंवा कंप्युटेड प्रॉपर्टी वापरा, असा त्याचा आशय. मार्गदर्शिकाही हेच सांगत होती. प्रॉप फक्त सुरुवातीची किंमत म्हणून हवा असेल तर डेटात उतरवून घ्या, त्याचे रूपांतर हवे असेल तर कंप्युटेड करा. कंप्युटेड ही एरवी केवळ वाचायची गोष्ट असल्याने, ज्याला किंमत बदलायची आहे असा माणूस साहजिकच डेटाकडे वळला. नकलेची सवय कुठून आली याचा माग काढणाऱ्याला इशाऱ्याच्या या मजकुरापलीकडे फार हिंडावे लागत नाही.

आणि खरी गंमत याच्या पुढे आहे. आलेला प्रॉप आकडा असेल तर डेटात उतरवल्यावर दोन वेगळ्या किमती होतात. पण तो ऑब्जेक्ट असेल, तर डेटात उतरतो तो फक्त पत्ता. खालचा कंपोनंट आपल्या डेटात निश्चिंतपणे बदल करतो, आणि बदल होतो तो वरच्याच्या वस्तूत. कन्सोल गप्प असतो, कारण इशारा प्रॉपच्या नावावर पहारा देत होता, वस्तूवर नव्हे. म्हणजे इशारा नव्हता तेव्हा जी चूक व्हायची तीच इशारा पाळल्यावरही होत राहिली. फरक इतकाच की आता ती दिसेनाशी झाली. व्ह्यूच्या लेखकांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. ऑब्जेक्ट आणि ॲरे पत्त्याने जातात, आतले बदल अडवणे परवडणार नाही इतके महाग आहे, असे मार्गदर्शिकेत सरळ लिहिलेले आहे. पण मार्गदर्शिकेतली तळटीप आणि कन्सोलमधला लाल मजकूर यांत लोक कशाचे ऐकतात हे सांगायला नको. अँग्युलरजेएसने २०१६ मध्ये १.५ आवृत्तीत एकाच दिशेची बांधणी आणली, तेव्हाही हाच दोष जसाच्या तसा आला: बांधणी एका दिशेची, वस्तू मात्र दोघांची.

पत्ता उतरवून भागत नाही हे कळल्यावर लोक खऱ्या नकलेच्या शोधात निघाले. भाषेने त्यांना फार काळ काही दिले नाही. २०१५ चे ऑब्जेक्ट असाइन आणि २०१८ चे तीन टिंबांचे स्प्रेड दोन्ही एकाच थराची नक्कल करतात. लोडॅशचे क्लोनडीप होते, पण त्यासाठी लायब्ररी घ्यावी लागे. म्हणून एक जुगाड सर्वत्र पसरला: वस्तूचे जेसन बनवायचे आणि लगेच ते परत वाचायचे. दोन फंक्शनांची एक ओळ, कुठेही चालणारी. तिच्यातून जाताना तारखेची अक्षरमाला होते, किंमत नसलेले रकाने गळतात, मॅप आणि सेट रिकामे होऊन बाहेर पडतात, आणि वस्तू स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर सगळे कोसळते. तरी ही ओळ वर्षानुवर्षे चालली, कारण सर्व्हरकडून आलेला डेटा बहुधा जेसनच असतो आणि त्याला हरवण्यासारखे फारसे काही नसते. ब्राउझरांच्या पोटात मात्र याहून चांगले यंत्र आधीपासून होते. वर्करला निरोप पाठवताना डेटाची रचनेसकट नक्कल करण्याची पद्धत एचटीएमएलच्या नियमांत होती. फक्त तिला थेट हाक मारायची सोय नव्हती. ती स्ट्रक्चर्डक्लोन या नावाने २०२१ च्या अखेरीस नोड १७ आणि फायरफॉक्स ९४ मध्ये, आणि २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांत क्रोम ९८ व सफारी १५.४ मध्ये आली. तोवर व्ह्यू ३ ने सप्टेंबर २०२० मध्ये आपला कारभार प्रॉक्सीवर, म्हणजे वस्तूभोवतीच्या आवरणावर, नेला होता, आणि स्ट्रक्चर्डक्लोनला प्रॉक्सीची नक्कल करता येत नाही. त्यामुळे अखेर हाती आलेले हत्यार रिॲक्टिव्ह वस्तूवर चालवले की चूक फेकते. आधी आवरण काढून आतली कच्ची वस्तू घ्यावी लागते, आणि आत खोलवर आणखी प्रॉक्सी असतील तर तेवढ्यानेही भागत नाही.

इथवरचा इतिहास साधनांचा झाला. या गोंधळात नकलेचे दोन अगदी वेगळे प्रकार एकाच नावाखाली कोंबले गेले आणि त्यातून निम्मा वाद उभा राहिला. महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही हा फरक नवा नाही. सातबाऱ्याचा उतारा ही नक्कलच असते, पण तिच्यावर तारीख असते, आणि त्या तारखेनंतर मूळ नोंदीत फेरफार झाला असेल तर उतारा जुना झाला हे सर्वांना मान्य असते. उलट विक्रीखताचा मसुदा बदलण्यासाठीच काढलेला असतो आणि तो मूळ नोंदीसारखा नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही. फॉर्ममधली नक्कल मसुद्याच्या जातीची. तिने मुळाच्या मागे धावायचे नसतेच. इशारा गप्प करायला काढलेली नक्कल मात्र बिनतारखेचा उतारा: तिने मुळाशी जुळते राहावे अशी अपेक्षा असते, आणि तशी तजवीज कुणी केलेली नसते. रिॲक्टच्या जुन्या मार्गदर्शिकेने हा फरक लवकर ओळखला होता. प्रॉपवरून सुरुवातीची स्टेट बनवणे ही वाईट रीत आहे असे सांगताना तिने एक अपवाद ठेवला. प्रॉपच्या नावातच ‘इनिशियल’ असा शब्द घालून ही फक्त सुरुवातीची किंमत आहे हे स्पष्ट केले, तर हरकत नाही. नावातला एक शब्द तारखेचे काम करत होता.

दुर्दैवाने बहुतेकांनी वाईट रीत एवढेच लक्षात ठेवले आणि ते अपवाद विसरले. मग प्रॉप बदलला की नक्कल ताजी करण्यासाठी ज्या जागा फ्रेमवर्कांनी दिल्या होत्या तिथे गर्दी झाली. रिॲक्टमध्ये नवे प्रॉप येताना चालणारी मेथड, व्ह्यूमध्ये वॉच. इथे सर्वांत वाईट प्रकारची चूक जन्मते. वापरणारा फॉर्म भरत असतो, वरचा कंपोनंट भलत्याच कारणाने पुन्हा रेंडर होतो, नक्कल ‘ताजी’ होते आणि अर्धा भरलेला मजकूर उडतो. मार्च २०१८ च्या रिॲक्ट १६.३ ने जुनी मेथड बाजूला सारून नवी दिली, पण लोकांनी तीही तशीच वापरली. शेवटी त्या जूनमध्ये रिॲक्टच्या चमूने सविस्तर खुलासा केला. एकतर कंपोनंट पूर्णपणे वरच्याच्या ताब्यात ठेवा, नाहीतर त्याला पूर्ण स्वतंत्र करा आणि नवी वस्तू आली की त्याची ओळख सांगणारी ‘की’ बदलून तो नव्यानेच जन्माला घाला. अर्धवट मालकी ठेवू नका. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा सल्ला वाटतो. वस्तूच्या ओळखीवर ही ‘की’ बेतली, तर नक्कल कोणत्या क्षणी मुळापासून वेगळी झाली हे ती ‘की’ सांगते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मेमरी स्वस्त आहे, यंत्रे वेगवान आहेत. प्रत्येक सीमेवर खोल नक्कल करून मोकळे व्हा, म्हणजे कुणी कुणाच्या वस्तूत हात घालणार नाही. पण मेमरीचा खर्च हा इथला लहान खर्च. ही फ्रेमवर्के बदल झाला की नाही हे ओळखायला बऱ्याचदा वस्तूची ओळख पाहतात: तीच वस्तू असेल तर काही बदलले नाही. दर वेळी नवी नक्कल दिली तर प्रत्येक वेळी सगळेच बदलले असे दिसते आणि वाचवता येणारे काम वाचत नाही. शिवाय खोल नकलेने दुसऱ्याच्या वस्तूला धक्का लागत नाही इतकेच साधते. ती कधी शिळी झाली, हे तिला कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डेटाच अपरिवर्तनीय केला तर प्रश्नच मिटला, असे म्हणणारी एक परंपरा आहे आणि तिने मोठे काम केले आहे. रिच हिकी यांच्या २००७ च्या क्लोजर भाषेने फिल बॅगवेल यांच्या वृक्षरचनेवरून अशा वस्तू घडवल्या, की बदल करताना जुनी प्रत तशीच राहते आणि नवीत जुन्याचा न बदललेला भाग वाटून घेतला जातो. डिसेंबर २०१३ मध्ये डेव्हिड नोलन यांच्या ओमने हे रिॲक्टशी जोडून दाखवले, पुढच्या वर्षी ली बायरन यांचे इम्यूटेबल जेएस आले, २०१५ मध्ये डॅन अॅब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांच्या रिडक्सने हीच शिस्त रोजच्या कामात आणली. या वाटेने जाणाऱ्याच्या हातून दुसऱ्याची वस्तू बिघडत नाही. आक्षेपाचा तो अर्धा भाग निर्विवाद मान्य. पण शिळेपण तिथेही उरतेच. जुनी प्रत निर्दोष असते, कधीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ती धरून बसलेल्याला ती जुनी आहे अशी शंकाही येत नाही. शिवाय रिडक्सच्या शिस्तीत खोलवरचा एक रकाना बदलायला प्रत्येक थरावर स्प्रेड लिहावा लागायचा आणि लोक त्यात एखादा थर विसरायचे. त्यावर मिशेल वेस्टस्ट्रेट यांच्या इमरने उपाय काढला तो मसुद्याचाच: बदल करायला एक तात्पुरती प्रत हाती मिळते, तिच्यात मन मानेल तसे लिहा, फंक्शन संपले की तिच्यातून नवी पक्की वस्तू बनते. अपरिवर्तनीयतेच्या घरातही लिहायला बसायचे म्हटले की मसुदा लागलाच. मात्र इथे तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे फंक्शनच्या सीमेने ठरलेले आहे.

तिसरे म्हणणे असे, की एकाच दिशेचा नियमच जाचक होता आणि फ्रेमवर्के गुपचूप मागे फिरली. पुरावा आहे खरा. व्ह्यूने काढून टाकलेले सिंक २.३ मध्ये, २०१७ साली परत आणले; ३ मध्ये ते पुन्हा गेले आणि त्याचे काम व्ही-मॉडेलकडे आले; २०२३ च्या अखेरीस ३.४ मध्ये डिफाइनमॉडेल कायम झाले. रिच हॅरिस यांच्या स्वेल्टने तर ऑक्टोबर २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत बाइंडेबल असा स्वतंत्र शब्द ठेवला. पण हे मागे फिरणे नव्हे. परत आलेले सिंक आतून घटना वर पाठवणेच होते, फक्त लिहायला आटोपशीर. आणि स्वेल्टमध्ये खालच्या कंपोनंटने कोणता प्रॉप बदलण्याचा हक्क आपल्याला हवा आहे हे आधी नाव घेऊन सांगावे लागते. न सांगता दुसऱ्याच्या मालकीची स्टेट आतून बदलली तर विकासाच्या वेळी इशारा मिळतो. २०१६ च्या इशाऱ्याशी तुलना केली तर फरक कळतो. तो नावावर पहारा देत होता, हा मालकीवर देतो. व्ह्यू १.० ने टेम्प्लेटमध्ये लिहिलेले तीन करार आठवले, तर वाटते की ते काढून टाकण्याची घाई झाली. त्यांना नीट अर्थ देण्याची गरज होती.

भाषेकडून आता या बाबतीत फार आशा नाही. रेकॉर्ड आणि टपल या नावाने अपरिवर्तनीय वस्तू जावास्क्रिप्टमध्येच आणण्याचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत होता. एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे मालकी ठरवणे फ्रेमवर्कांकडे आणि कोड लिहिणाऱ्यांकडेच राहिले. त्यातला एक भाग अजून कुणीच नीट हाती घेतलेला नाही. मसुदा उघडा असताना मूळ बदलले तर काय? ‘की’ बदलावी तर लिहिलेले जाते, न बदलावी तर जतन करताना दुसऱ्याचा बदल नकळत पुसला जातो. डेटाबेसवाल्यांनी याचे उत्तर कधीच काढून ठेवले आहे. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कुणालाही कुलूप न लावता काम करू द्यायचे, आणि शेवटी मधल्या काळात दुसऱ्याने काही बदलले का ते तपासून मगच ते स्वीकारायचे. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ईटॅग आणि इफ-मॅच याच जातीचे आहेत: मी पाहिलेली आवृत्ती अजून तीच असेल तर लिही, नाहीतर ४१२ दे. पण सर्व्हरने दिलेली ती आवृत्तीची खूण प्रॉपमधून खाली येताना सहसा वाटेतच गळते. फॉर्मच्या कंपोनंटला नाव, पत्ता, फोन मिळतो. तो ज्या आवृत्तीतून आला ती मिळत नाही, आणि चौदा रकान्यांची काळजीपूर्वक खोल नक्कल करणारा कोड पंधरावा रकाना आणतच नाही.